शरणपूरहून मोंबासाला: मुलांमधल्या सेवेसाठी पहिल्यांदा परदेशी निघणाऱ्यांसाठी

नाशिकचा शरणपूर रोड ज्या वस्तीच्या नावाने ओळखला जातो, ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास वसवली. त्या काळी इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडायचं. त्यांतली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची आणि १८६० पासून त्यांतली बरीच शरणपूरच्या आश्रमात यायची. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, हातात कसब आलं, आणि १८६४ पासून त्यांच्यातले काही तरुण आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या रबाई मिशनमध्ये कामाला गेले. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर ही त्यांतली दोन ठळक नावं. नाशिकलाच शिकलेला जेकब वेनराइट १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शवपेटीसोबत चालला. त्याच साली प्राइस मोंबासाला पोचले आणि मुक्त गुलामांसाठी तिथे जी वसाहत उभी राहिली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचं नाव मिळालं: फ्रिअरटाउन.

म्हणजे महाराष्ट्रातून केनियाच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती सेवेसाठी जाणारे आपण पहिले नाही. आपल्या आधी गेलेले बहुतेक जण मुळात आफ्रिकेचीच लेकरं होती, हे मात्र ध्यानात ठेवून बॅग भरावी.

हा लेख पाच-सहा जणांच्या टीमसाठी आहे. संडे स्कूल किंवा युवक संघात काम केलेलं आहे, परदेशी कधी गेलेला नाहीत, आणि दोनेक आठवडे मोंबासा, रबाई, किलिफी या पट्ट्यातल्या एखाद्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, मुलांचं व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, सुट्टीतली बायबल शाळा) घ्यायला निघाला आहात, असं धरून लिहिलंय. देश दुसरा असेल तर कागदपत्रं बदलतील, कामाचा क्रम बदलणार नाही.

१. आधी आमंत्रण, मग प्रार्थनासभा

बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. कोणाला तरी ओझं मिळतं, म्हणजे सेवेची ओढ लागते, मंडळीत जाहीर होतं, वर्गणी सुरू होते, आणि मग ‘कुठे जायचं’ याचा शोध लागतो. असं करू नका. तिथल्या मंडळीने बोलावलं नसेल तर जाऊ नये, इतकं साधं आहे. आपली मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असेल तर केनियातलं अँग्लिकन चर्च जगाच्या एकाच अँग्लिकन परिवारात येतं, त्यामुळे पत्र बिशपांच्या कार्यालयातून जाऊ शकतं. मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, ब्रदरन मंडळ्यांचे आपापले दुवे असतात. कोणत्याही वाटेने गेलात तरी शेवटी तिथल्या पाळकांशी आणि संडे स्कूलच्या शिक्षकांशी थेट बोलणं झालंच पाहिजे. शिक्षकांशी बोलणं राहूनच जातं, आणि काम तर त्यांच्याबरोबरच करायचं असतं.

त्यांना विचारा: तुम्हाला मुलांसाठी कार्यक्रम हवाय की शिक्षकांसाठी प्रशिक्षण? माझं मत विचाराल तर शिक्षकांबरोबर घालवलेले दोन दिवस दोनशे मुलांच्या पाच दिवसांपेक्षा जास्त टिकतात. पण त्याचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून टीमला ते नको असतं. अजून एक प्रश्न अवघड आहे, तरी विचाराच: आमच्या तिकिटाचे पैसे तुमच्या संडे स्कूलला पाठवले तर जास्त उपयोग होईल का? उत्तर सरळ ‘हो’ असं मिळणार नाही, पाहुण्याला कोणी तसं म्हणत नाही. थोडं थांबून, जरा वळसा घालून उत्तर आलं तर काय ते समजून घ्या.

२. तारीख

केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि तीन सत्रांत चालतं. सुट्ट्या एप्रिलमध्ये, ऑगस्टमध्ये आणि मग नोव्हेंबर-डिसेंबरची मोठी. आपली मे महिन्याची सुट्टी तिथे कामाची नाही, तेव्हा मुलं शाळेत असतात. मार्च ते मे मोठा पाऊस, रबाईकडच्या कच्च्या रस्त्यांवर चिखल. जानेवारी ते मार्च किनाऱ्यावर उकाडा नको होतो. ऑगस्ट सगळ्यांत बरा: हवा त्यातल्या त्यात थंड आणि मुलं मोकळी. आपल्याकडच्या नोकरदारांना ऑगस्टमध्ये रजा मिळायला त्रास होतो, म्हणून तारीख निदान सहा महिने आधी पक्की करा.

३. कागद आणि लसी

पासपोर्ट परतीनंतरही सहा महिने चालणारा हवा. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी आणली. ती ऑनलाइन मिळते. सरकारी संकेतस्थळावरूनच अर्ज करा, कारण तशाच दिसणाऱ्या साइट्स जास्त पैसे उकळतात. यजमान मंडळीचं आमंत्रणपत्र, राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट जोडावं लागतं. प्रवासाचा उद्देश खरा लिहा. ‘पर्यटन’ लिहून आत जायचं आणि मग शाळेच्या मैदानावर माइक धरायचा, हे प्रभूच्या नावाने निघालेल्या माणसाला शोभत नाही, आणि कायद्यातही अडकवू शकतं. पगार नसला तरी स्वयंसेवकाच्या कामाला वेगळी परवानगी लागू शकते. आपल्या कामाला ती लागते का, हे यजमानांनी तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात आधीच विचारून ठेवायला हवं.

पीतज्वराची लस, म्हणजेच यलो फीव्हर, ही गोष्ट नवखे लोक हमखास विसरतात, कारण केनिया ती भारतीयांकडे मागत नाही. मागतो भारत, परत येताना. केनियाहून येणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते. ती सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते, तिथे ठरलेल्या दिवशीच देतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, अंड्याची ॲलर्जी असलेले, यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

नैरोबी उंचावर असल्याने तिथे मलेरिया कमी. किनाऱ्यावर मात्र तो आहे, आणि तो फॅल्सिपेरम जातीचा, जिवावर बेतणारा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. कोणती गोळी किती दिवस आधी सुरू करायची आणि परतल्यावर किती दिवस चालू ठेवायची हे गोळीगणिक वेगळं असतं. ‘आपल्याकडेही डास आहेतच की’ असं म्हणणारा एक तरी भाऊ प्रत्येक टीममध्ये असतो. त्याच्या गोळ्या बहिणींपैकी कोणीतरी मोजाव्यात. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात यांबद्दलही त्याच भेटीत विचारा. प्रवास विमा हवाच.

४. मुलांची सुरक्षा

हा भाग मुद्दाम लांब लिहितोय.

मार्काच्या नवव्या अध्यायात येशू म्हणतो, या लहानांतल्या एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात टाकलेलं बरं. ‘बालकांना माझ्याजवळ येऊ द्या’ हे वचन व्हीबीएसच्या बॅनरवर असतं. तळीचं वचन मी अजून कुठल्या बॅनरवर पाहिलेलं नाही.

केनियाचा किनारा पर्यटनाचा आहे, आणि परदेशी पाहुण्यांकडून मुलांचं शोषण ही तिथली जुनी, उघड जखम आहे. २०२३ मध्ये किलिफी काउंटीतल्या शाकाहोला जंगलात उपास करवून माणसं मारणाऱ्या पंथाचे ४०० हून अधिक मृतदेह निघाले, त्यांत लहान मुलंही होती. तेव्हापासून धर्माच्या नावाने मुलं गोळा करणाऱ्या अनोळखी माणसाकडे तिथले लोक आणि अधिकारी बारकाईने बघतात. बघायलाच हवं. तुमच्याकडे कागद मागितले, प्रश्न विचारले, तर रागावू नका. आणि जुन्या मिशनला आपण स्वच्छ समजतो, तर तेही तपासा: १८८१ च्या सुमारास खुद्द फ्रिअरटाउनमध्येच वसाहतीच्या कारभाऱ्यांनी लोकांना फटके मारल्याचं प्रकरण गाजलं होतं. बायबल हातात असल्याने माणूस आपोआप सुरक्षित होत नाही.

तेव्हा निघण्याआधी टीममधल्या प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. पाळकांच्या मुलाचीसुद्धा. मंडळीतल्या कोणाबद्दल कुजबुज असेल तर त्याला नेऊ नका. वडीलजनांना, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांना, वाईट वाटेल म्हणून नेणं हा तिथल्या मुलांवर अन्याय आहे. एक पानभर नियम लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, यजमानांना पाठवा. त्यांचे नियम जास्त कडक असतील तर त्यांचे चालतील.

नियम साधे असावेत. मुलाबरोबर एकटं राहायचं नाही. दोन मोठी माणसं, आणि त्यांतलं एक तिथलं. मुलांना शौचाला नेण्याचं काम तिथल्या शिक्षिकेचं. तिकडे त्याला ‘चो’ म्हणतात, हा शब्द पहिल्याच दिवशी लागतो. जवळ येऊन बिलगलेल्या लहानग्याला ढकलायचं नाही, पण उचलून फिरायचं, मांडीवर घेऊन बसायचं नाही. मुलांना आपला फोन नंबर द्यायचा नाही, त्यांचा घ्यायचा नाही. एका मुलाला गुपचूप भेट द्यायची नाही. ‘मी तुझी फी भरेन’ असं भावनेच्या भरात बोलायचं नाही. असं वचन ते मूल वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं.

फोटोबद्दल वेगळं सांगायला हवं. केनियाच्या २०१९ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पण कायदा नसता तरी आपल्याला हे कळायला हवं होतं. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी हे दुसऱ्या बाजूने भोगलंय. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या आश्रमांत आलेल्या आपल्याकडच्या मुलांचे, बरगड्या दिसणारे फोटो परदेशी मासिकांत छापले गेले. ते बघून दान आलं, जीव वाचले, हे खरं. पण ती मुलं पुढे मोठी झाली, शिक्षक झाली, परिचारिका झाली, आणि त्यांचा तो एकच फोटो जगभर राहिला. तुमच्या स्टेटसवर काय जाणार आहे ते यावरून ठरवा. साधा नियम: मुलांचे चेहरे नाहीत, नाव-गाव नाही, आणि तिथे असेपर्यंत काहीच टाकायचं नाही.

एखाद्या मुलाने मारहाणीबद्दल किंवा त्याहून वाईट काही सांगितलं तर ऐकून घ्या. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. खोदून खोदून विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि यजमान मंडळीने नेमलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी सांगा. संशय त्याच व्यक्तीवर असेल तर केनियातली बालकांची हेल्पलाइन ११६ आहे, आपल्या १०९८ सारखी. हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच असू द्या.

५. पाठ बसवताना

पाच दिवस, रोज सकाळी तीन तास, साधारण नऊ ते बारा. इथे एक गंमत आहे जी पहिल्या दिवशी फसवते. स्वाहिलीत वेळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास. त्यामुळे म्वालिमू, म्हणजे शिक्षिका, तुम्हाला ‘सा तातू’ म्हणाल्या, म्हणजे शब्दशः ‘तीन वाजता’, तर त्या सकाळचे नऊ सांगताहेत. घड्याळाचा काटा जिथे असेल त्याच्या बरोब्बर समोरचा आकडा धरायचा. इंग्रजीत बोलताना लोक आपल्यासारखीच वेळ सांगतात, म्हणून एकदा दोन्ही भाषांत खात्री करून घ्या.

शाळेत इंग्रजी असली तरी लहान मुलांना ती बोलण्यात फारशी समजत नाही. किनाऱ्यावर स्वाहिली चालते, रबाईकडच्या घरांत मिजीकेंदा भाषा. दुभाषी लागणारच. दुभाषी म्हणून शक्यतो संडे स्कूलची शिक्षिकाच घ्या, आणि गोष्ट तिला आदल्या दिवशी पूर्ण सांगा. खरं तर गोष्ट तिनेच सांगावी आणि तुम्ही बाहुल्या, चित्रं, नाट्य सांभाळावं, हे सगळ्यांत उत्तम. मुलं पुढच्या रविवारी तिच्याच समोर बसणार आहेत. तुमचंच बोलणं असेल तर छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट, आणि थांबा. आपल्याकडच्या उपदेशात जी लांबलचक, एकात एक गुंतलेली वाक्यं येतात ती दुभाष्याचा जीव घेतात. म्हणी, यमकं, शब्दांवरचे विनोद इथेच ठेवून जा.

गोष्टी निवडताना मुलांच्या डोळ्यांसमोर काय आहे ते बघा. समुद्र, होड्या, मासेमारी: गालिलातलं वादळ तिथे समजावून सांगावं लागत नाही. शेळ्या-मेंढ्या घरोघरी, म्हणून हरवलेलं मेंढरू. पेरणाऱ्याचा दाखला मका पेरणाऱ्यांच्या मुलांना नेमका कळतो, खडकावर पडलेलं बी त्यांनी पाहिलेलं असतं. पाच भाकरी आणि दोन मासे सांगताना जपून. ज्या वर्षी पाऊस नसेल त्या वर्षी भुकेल्या मुलाला ‘विश्वास ठेव, जेवण वाढतं’ असं ऐकू जाईल, असं सांगू नका. योसेफाला भावांनी विकलं ही गोष्ट किनाऱ्यावर फार जड आहे. फ्रिअरटाउन आणि रबाईत आजही मुक्त गुलामांचे वंशज राहतात. ती सांगायची की नाही हे तिथल्या शिक्षकांनी ठरवावं. त्यांनी सांगितली तर तुम्ही मागे बसून ऐका, तुम्हाला त्या गोष्टीत नवं काही कळेल.

शाकाहोलाच्या नंतर त्या भागात मुलांसमोर उपास, शेवटचा काळ, नरकाची चित्रं यांतलं काहीही नको. यावर माझं मत ठाम आहे.

‘ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा’ हेसुद्धा पाहुण्यांनी करू नये. पाहुणा खूश व्हावा म्हणून सगळेच हात वर जातात, गेल्या वर्षीही गेले होते, पुढच्याही जातील. मग आपण इथे येऊन आकडा सांगतो. मुलाचा निर्णय त्याच्या घरचे, पाळक आणि शिक्षिका यांच्या सहवासात, महिनोन्महिने पिकतो. मोंबासात मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि खेळ दिसला की त्या घरांतली मुलंही येतात. त्यांच्या आईवडिलांना माहीत आहे का, हे आधी बघा. माहीत नसेल तर फुटबॉल खेळून घरी पाठवा. शेजाऱ्यांशी रोजचे संबंध तुमच्या यजमानांना सांभाळायचे आहेत, तुम्ही पंधरा दिवसांत उडून जाणार.

गाण्यांची फार तयारी करू नका. तिथली लहान पोरं चार सुरांत सहज गातात आणि आपली टाळी अर्ध्या मात्रेने मागे पडते. त्यांची गाणी शिका. बदल्यात एक मराठी गाणं, हातवाऱ्यांचं, द्या. ते त्यांना फार आवडतं आणि चार दिवसांत उच्चारासकट येतं.

मधल्या सुट्टीत बहुतेक ठिकाणी ‘उजी’ देतात, पिठाची पातळ पेज, आपल्या आंबिलीसारखी. तिचा खर्च टीमने उचलला तरी वाटप तिथल्या बायकांच्या हातून होऊ द्या. आणि मुलं किती येतील हा अंदाज दुप्पट धरा. पहिल्या दिवशी साठ असतील तर तिसऱ्या दिवशी भावंडं काखेत घेऊन सव्वाशे येतात. एकालाही उजी कमी पडता कामा नये.

६. सामान

ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. आपण सवयीने प्रत्येक चपलेला, प्रत्येक डब्याला पिशवी गुंडाळतो. सगळ्या काढा, कापडी पिशव्या घ्या. मुंबई विमानतळावरच्या दुकानातली पिशवीसुद्धा उतरण्याआधी रिकामी करा.

मुलांसाठी गोळ्या-चॉकलेटं नकोत: वितळतात, झुंबड उडते, आणि दात तर आहेतच. जुने कपडेही नकोत. केनियात जुन्या कपड्यांचा, ‘मितुंबा’चा, केवढा तरी बाजार आहे, आपल्या बोचक्याने त्यात भर पडते एवढंच. हवा काढलेले चांगले फुटबॉल आणि पंप न्या. जालंधर-मेरठचा माल टिकतो आणि मैदान बारा महिने वापरतं. खडू, रंग, कागद, कात्र्या मोंबासातच विकत घ्या. तिथल्या दुकानदाराला धंदा होतो आणि संपल्यावर कुठून आणायचं हे शिक्षिकेला कळतं. तीन चौकोनी पिनांचा प्लग अडॅप्टर लागेल. मच्छरदाणी यजमानांकडे आहे का विचारा. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या न्या. तिथे रोजचा व्यवहार मोबाइलवरच्या एम-पेसाने चालतो. २००७ पासून तो आहे, म्हणजे आपल्या यूपीआयच्या किती तरी आधीपासून, तेव्हा ‘आमच्याकडे बघा कसं डिजिटल’ हे भाषण तिथे नको.

बायकांनी पंजाबी ड्रेस किंवा घोट्यापर्यंतचा स्कर्ट घालावा. पुरुषांनी अर्ध्या चड्डीत मंडळीत जाऊ नये. रविवारसाठी एक साडी ठेवा, लोकांना कौतुक वाटतं.

७. पोचल्यावर

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने साधारण सहा तास. घड्याळ अडीच तास मागे. नैरोबीहून मोंबासाला २०१७ साली सुरू झालेल्या मदाराका एक्स्प्रेसने गेलात तर पाच-सहा तासांत पोचता आणि त्सावोच्या रानातून जाताना नशीब असेल तर खिडकीतून हत्ती दिसतात. तिकीट आधी काढा.

पहिला दिवस कार्यक्रम ठेवू नका. पाळकांच्या घरी जा, वडीलजनांना भेटा, गावच्या चीफच्या कार्यालयात यजमान नेतील तिथे जा. चीफ हा तिथला सरकारी अधिकारी असतो. मोठ्यांना लहानांनी ‘शिकामू’ म्हणायचं, उत्तर ‘मरहबा’ येतं. मंडळीत ‘ब्वाना असिफिवे’ म्हणजे प्रभूची स्तुती असो, उत्तर ‘आमेन’. ‘जाम्बो’ हे हॉटेलवाले पर्यटकांना म्हणतात. बाकी तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरीच स्वाहिली येते: चाय, चपाती, रंगी, किताबू, कलामू, साबुनी.

मुलं तुम्हाला ‘मुहिंदी’ म्हणतील, म्हणजे भारतीय. त्यांच्या डोळ्यांसमोर मुहिंदी म्हणजे दुकानाचा मालक. भारतीय माणूस ख्रिस्ती असतो याचंच अनेकांना नवल वाटतं. मोंबासा-नैरोबीत गोव्याचे कॅथलिक पिढ्यान्पिढ्या आहेत, केनियाचे १९६६ मधले उपराष्ट्रपती जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोव्याचेच, पण खेड्यातल्या पोरांना हे कुठून माहीत असणार? इथे शरणपूरची गोष्ट उपयोगी पडते. रबाईला जुने मिशनरी योहान लुडविग क्राफ यांच्या नावाचं संग्रहालय आहे, मोंबासाच्या केंगेलेनीत फ्रिअरटाउनची घंटा आहे. गुलामांचं जहाज दिसलं की ती वाजवत. तिथल्या मोठ्या मुलांना घेऊन तिथल्या शिक्षकांबरोबर एक सकाळ जा. सांगण्याचं काम मात्र त्यांच्याकडे द्या.

रबाईजवळची दाट राई, जिला ‘काया’ म्हणतात, ती मिजीकेंदांची पवित्र जागा आहे, २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय आत शिरू नका, आणि तिच्या दिशेने हात करून सैतानाला धमकावणाऱ्या प्रार्थना तर मुळीच नकोत. आपल्या गावच्या देवराईसमोर कोणी परदेशी असं करत असता तर आपल्याला कसं वाटलं असतं?

खायला उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), सुकुमा विकी (पालेभाजी), आणि किनाऱ्यावर नाश्त्याला महामरी (तळलेला गोडसर पाव) आणि नारळाच्या दुधातली तूर. ताटात आलेलं खा. तिखटाची पुडी खोलीवर ठेवा.

८. ‘एक दिवस अनाथाश्रमाला भेट देऊ’

टीमच्या वेळापत्रकात हे असतंच. माझा सल्ला: काढून टाका. केनियातल्या संस्थांत ठेवलेल्या अनेक मुलांचे आई, वडील किंवा नातलग हयात असतात. गरिबी आणि शाळेची फी ही मुलांना तिथे आणणारी मोठी कारणं आहेत. पाहुणे आणि त्यांचं दान येतं म्हणून संस्था मुलांनी भरलेल्या ठेवल्या जातात, हे उघड झाल्यावर सरकारने २०१७ मध्ये नव्या संस्थांची नोंदणी थांबवली. २०२२ च्या बालक कायद्यात आणि त्याच साली आलेल्या सुधारणा धोरणात भर मुलांना कुटुंबात ठेवण्यावर आहे. दर आठवड्याला नवी माणसं येतात, कडेवर घेतात, रडतात आणि निघून जातात, याचा त्या मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याचा विचार करा. देणगी द्यायचीच असेल तर मंडळीतल्या एखाद्या आजीला नातवंडं सांभाळायला, एखाद्या विधवेच्या मुलांच्या फीला, पाळकांच्या समितीमार्फत, पावतीसह द्या.

९. परतल्यावर

मुंबईला उतरताना पीतज्वराचं पिवळं कार्ड हाताशी ठेवा, पेटीत नको.

मंडळीत अहवाल द्यायचा तो आधी यजमानांना वाचायला पाठवा. ‘त्यांच्याकडे काहीच नाही तरी ते किती आनंदी’ हे वाक्य त्यात आलं असेल तर ते तेच काढायला सांगतील. जमाखर्च आठवड्याभरात लावा, उरलेला पैसा कुठे गेला हे वडीलजनांपुढे मांडा. ज्या शिक्षिकेबरोबर काम केलंत तिला महिन्यातून एकदा फोन करा. तिला काय हवंय ते तीच सांगेल: बहुतेक वेळा पुढच्या सहा महिन्यांचे पाठ, कधी प्रार्थना, कधी नुसत्या गप्पा. मुलांपैकी कोणी तुम्हाला समाजमाध्यमावर शोधून काढलं तर उत्तर तिच्यामार्फत द्या.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत घ्या, घरी आलात म्हणून सोडू नका. आणि पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर तपासणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की मी केनियाच्या किनाऱ्यावर जाऊन आलोय. रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या.